आंब्यासारख्या रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाला पांढरी कूज (लाकूड पांढुरकं, मऊ करणारी बुरशीची कूज) चीड या सूचिपर्णी झाडापेक्षा लवकर का लागते?

मुख्य कारण त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाच्या पेशीभिंतींना कडकपणा देणारं द्रव्य. चीडसारख्या सूचिपर्णी झाडांचं लिग्निन जवळजवळ सगळं ग्वायासिल नावाच्या कड्याच्या आकाराच्या घटकांचं असतं. रुंद पानांच्या झाडांत त्यासोबत सिरिंजिल नावाचे घटकही भरपूर असतात. सिरिंजिलच्या कड्यावर दोन मेथॉक्सी गट (ऑक्सिजन-कार्बनचे छोटे अणुगट) असल्याने पाचव्या कार्बनची जागा अडते, कार्बन-कार्बनचे चिवट बंध कमी होतात आणि बुरशीची विकरं (एन्झाइम) असं लिग्निन सहज तोडतात. याचा फार सुंदर पुरावा एकाच कुजलेल्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली मिळतो: सिरिंजिलबहुल तंतू आधी विरतात, ग्वायासिलबहुल जलवाहिन्यांच्या भिंती मात्र बराच काळ टिकून राहतात. अर्थात, सागाचा गाभा वर्षानुवर्षं टिकतो तो लिग्निनपेक्षा त्यात साठलेल्या, बुरशीला रोखणाऱ्या क्विनोन वर्गातल्या द्रव्यांमुळे.