वंशवाद : जावयाचा की घोड्याचा?

प्रश्न असा आलाय : "'ट्रम्प यांचा वंशवाद' असा मथळा वाचला. म्हणजे पहिल्या कारकिर्दीत जावई जॅरेड कुशनर यांना व्हाइट हाउसमध्ये सल्लागार नेमलं, त्याबद्दल का? तसं नसेल तर सरळ 'वर्णद्वेष' का लिहीत नाहीत?"

जावयाचा काही संबंध नाही. जावयाला पद दिलं तर ती घराणेशाही, आणि तसंही आपल्याकडे जावई वंशात धरत नाहीत. हा घोळ हिंदीने घातलाय. हिंदीत घराणेशाहीला 'वंशवाद' म्हणतात आणि रेसिझमला 'नस्लवाद'. मराठीत 'वंशवाद' म्हणजे रेसिझम. तरी दिल्लीची बातमी घाईघाईत मराठीत ओतणारी मंडळी 'अमुक पक्षाचा वंशवाद' असं बिनदिक्कत लिहितात. 'घराणेशाही'सारखा खणखणीत शब्द हाताशी असताना! चीड येते ती याची.

आता 'वर्णद्वेष'. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे तो आपल्याकडे रुळला आणि मग सगळीकडेच वापरायची सवय लागली. कोशांतही रेसिझमपुढे तो दिसतो. मला तो अर्धवट वाटतो. २०१७च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलमध्ये मशाली घेऊन निघालेला गोऱ्यांचा जमाव आधी 'तुम्ही आमची जागा घेऊ शकणार नाही' असं ओरडत होता आणि मग 'तुम्ही'च्या जागी 'ज्यू' आलं. ज्यूंचा रंग यांच्यापेक्षा कुठे वेगळा? डिसेंबर २०२३मध्ये न्यू हॅम्पशरच्या सभेत ट्रम्प म्हणाले की स्थलांतरित लोक देशाचं रक्त नासवताहेत. रक्त म्हणाले, कातडी नाही. 'वर्ण' म्हटलं की हे सगळं निसटतं.

खरी मजा 'रेस' या शब्दातच आहे. तो इंग्रजीत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये इटालियन 'रात्सा'वरून. पण 'रात्सा' कुठून आला? बरीच वर्षं पंडित सांगत, लॅटिन 'राडिक्स' म्हणजे मूळ, त्यावरून. लिओ स्पिट्झर या भाषापंडितांनी तो लॅटिन 'रातिओ'शी, म्हणजे बुद्धी, प्रकार, तत्त्व यांच्याशी जोडला. फार भारदस्त. मग १९५९मध्ये जानफ्रांको कोंतीनी या इटालियन भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हा जुन्या फ्रेंचमधला 'हराझ' आहे, आणि हराझ म्हणजे घोड्यांची पैदास करण्याची जागा. फ्रान्समध्ये अशा ठिकाणाला आजही 'आरा' म्हणतात. नॉर्मंडीतलं 'आरा द्यु पँ' प्रसिद्ध आहे. तरी कित्येक जण अजून स्पिट्झरला धरून बसलेत. तत्त्वज्ञानाचा वास येणारी व्युत्पत्ती विद्वानांना मानवते, लिदीचा वास येणारी मानवत नाही, एवढंच त्याचं कारण.

आणखी पुरावा हवा असेल तर कोवारूबियास यांचा १६११चा स्पॅनिश कोश उघडा. 'रासा'चा अर्थ त्यांनी दिलाय : जातिवंत घोड्यांची जात, ज्यांना ओळखू यावं म्हणून लोखंडाने डाग देतात. आणि त्याच नोंदीत पुढे : माणसांच्या कुळांबद्दल वापरला तर शब्द वाईट अर्थाचा, जसं अंगात मूर (म्हणजे स्पेनमधले मुसलमान) किंवा ज्यू 'रासा' असणं. एकाच नोंदीत घोडा आहे, डाग आहे आणि धर्मांतरित ज्यूच्या रक्तावरचा संशयही आहे. रेसिझमची अख्खी जन्मकुंडली चार ओळींत! आणि त्या नोंदीत 'जात' या अर्थी कोणता शब्द आहे? 'कास्ता'. त्याच शब्दाचं पोर्तुगीज भावंड गोव्याच्या वाटेने आपल्या जातींना चिकटलं आणि इंग्रजीत 'कास्ट' झालं. आपणही खिल्लार ही बैलाची 'जात' म्हणतो, घोडा 'जातिवंत' म्हणतो. म्हणजे गोठ्याचा हिशोब माणसाला लावायची खोड दोन्हीकडची. १८७३मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, ती हे नातं ओळखूनच.

हे सगळं जुन्या पोथ्यांतलं वाटत असेल तर १८ सप्टेंबर २०२०ची बमिजीची सभा आठवा. मिनेसोटातलं हे गाव. समोर बहुतेक सगळे गोरे. ट्रम्प त्यांना म्हणाले, तुमच्यात चांगली जनुकं आहेत, सगळं बरंचसं जनुकांवरच असतं. आणि पुढे नाव घेतलं 'रेसहॉर्स थिअरी'चं, म्हणजे घोड्यांसारखीच माणसंही चांगल्या पैदाशीतून चांगली निपजतात या कल्पनेचं. शर्यतीचा घोडा! (शर्यतीची 'रेस' वेगळी, ती जुन्या नॉर्स भाषेतली, दोन्ही एकच समजून पानं भरणारे महाभाग आहेत.) कोंतीनींनी जुन्या फ्रेंचमधून जे खणून काढलं ते या गृहस्थांनी माइकवरून फुकटात सिद्ध केलं. ऑक्टोबर २०२४मध्ये स्थलांतरितांमधल्या खुन्यांबद्दल बोलताना 'आपल्या देशात सध्या खूप वाईट जनुकं आहेत' हेही म्हणून झालं.

'रेसिझम' हा शब्द इंग्रजीत छापील रूपात सापडतो तो १९०२च्या सुमारास, रिचर्ड हेन्री प्रॅट या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याच्या तोंडी. अमेरिकेतल्या मूळनिवासींना वेगळं ठेवण्याला त्यांचा विरोध होता. पण पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची शाळा काढून त्याच मूळनिवासींच्या मुलांचे केस कापणारे, त्यांची भाषा बंद करणारे हेच प्रॅट.

आता आपला 'वंश'. संस्कृतात हा आधी बांबू, कळक. म्हणून 'वंशी' म्हणजे बासरी, 'पृष्ठवंश' म्हणजे कणा. पेरावर पेर चढतं तशी पिढीवर पिढी. आणि बृहदारण्यक उपनिषदात 'वंश' म्हणून ज्या लांबलचक याद्या येतात त्या बापलेकांच्या नाहीत, गुरुशिष्यांच्या आहेत. कोणी कोणाकडून विद्या घेतली, एवढाच हिशोब. त्यातली एक यादी तर आयांच्या नावांची : पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र. अशा शब्दाला आपण रेसिझमच्या दावणीला बांधलं, हे मला मनापासून खटकतं. पण शब्द रुजलाय आणि एका बाबतीत तो चपखलही बसतो. अमेरिकन उजव्यांच्या एका मोठ्या गटाला भीती कशाची आहे? बाहेरचे येतील, त्यांची संख्या वाढेल, आपली घटेल. याला ते 'रिप्लेसमेंट' म्हणतात. १४ मे २०२२ला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या सुपरमार्केटमध्ये दहा कृष्णवर्णीयांना गोळ्या घालणाऱ्याने हेच लिहून ठेवलं होतं. मराठीत याला नेमका शब्द आहे : निर्वंशाची भीती. 'वर्णद्वेष' म्हणणाऱ्यांनी 'निर्वर्ण' करून दाखवावं.

आपल्या लोकांनी यात फार शहाणपणा मिरवू नये. अमेरिकेत गेलेले पंजाबी शीख भगतसिंग थिंड यांचा खटला १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. मी उच्चवर्णीय आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरा, सबब नागरिकत्व द्या, असं म्हणणं होतं. अमेरिकन माणूस निग्रोकडे ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिवासींकडे बघतो, सोयरीक करत नाही, असाही युक्तिवाद झाला! न्यायमूर्ती सदरलँड म्हणाले, पंडित काहीही म्हणोत, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. मग आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचंही नागरिकत्व काढलं गेलं. शंभरेक वर्षांनी, डिसेंबर २०२४मध्ये, ट्रम्प यांचे एआय सल्लागार म्हणून भारतीय वंशाच्या श्रीराम कृष्णन यांची नेमणूक जाहीर होताच ट्रम्पसमर्थकांतला एक गट परदेशी कुशल कामगारांना मिळणाऱ्या एच-१बी व्हिसावरून भारतीयांवर तुटून पडला, तेव्हा 'आम्ही तर तुमच्याच बाजूचे' म्हणणाऱ्या आपल्या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

तर मथळ्यातला 'वंशवाद' बरोबर आहे. माझं मत विचाराल तर 'पैदासवाद' हवा. अर्थ, इतिहास, घोडा, सगळं त्यात येतं. एका संपादकांना सुचवलाही होता. आमचा अंक घरात सगळे वाचतात, असं त्यांचं उत्तर आलं.