बोका, आई आणि येणारे बाळ : एका तरुणास पत्र

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे ईमेलने आलेले लांबलचक पत्र आज सकाळी वाचले. आईची बाजू घ्यावी की सूनबाईंची, असे तू विचारले आहेस. सूनबाईंना पाचवा महिना लागला आहे. बोक्यामुळे पोटातल्या बाळाला धोका आहे, तेव्हा त्याला घराबाहेर काढा, असा वहिनींचा, म्हणजे तुझ्या आईचा, आग्रह आहे. बोका गेला तर मीही माहेरी जाईन, असे सूनबाईंचे म्हणणे आहे. आणि तू डोंबिवलीच्या गर्दीच्या लोकलमध्ये उभा राहून दोघींचे निरोप मोबाईलवर वाचत असतोस. या प्रश्नाकडे मी येईनच, परंतु तुझ्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याने मला आधी थांबवले. बोका गेल्या दोन आठवड्यांत तीनदा आईच्या गोधडीवर लघवी करून गेला आणि 'तो हे मुद्दाम करतो असे आता मलाही वाटू लागले आहे', असे ते वाक्य आहे. ते वाचताच मी तुला फोन लावला, तो तू उचलला नाहीस, म्हणून संदेश टाकला आहे आणि कारण इथे सविस्तर लिहितो.

मांजराला सूड कळतो की नाही, या वादात मी पडणार नाही. परंतु लिटर बॉक्सची, म्हणजे शौचासाठी वाळू भरून ठेवलेल्या खोक्याची, सवय असलेला बोका अचानक दुसरीकडे लघवी करू लागला, तर पहिला संशय आजारावर घ्यायचा, स्वभावावर नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट स्रावाची गाठ अडकली की लघवी तुंबते, रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडून जनावर दगावते. तो वारंवार बसून कुंथतो का, थेंबथेंब लघवी होते का, त्या वेळी ओरडतो का, मागचा भाग सतत चाटतो का, हे आज रात्री पाहा. कुंथूनही लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात ने. हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नवा असताना माझे हात गाई-म्हशी आणि बैलांवर बसलेले होते, मांजरे कोणी आणतच नसे. एक म्हातारे गृहस्थ त्यांचा कुंथणारा बोका पिशवीत घालून घेऊन आले. मी वरवर पाहिले, बद्धकोष्ठ असेल म्हणालो आणि पोट साफ होण्याचे औषध देऊन त्यांना परत पाठवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा आले, ते फक्त बोका गेल्याचे सांगायला. रागाचा एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्यामुळेच ते मला अजून आठवतात.

आजार नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तर कारण तुझ्या हॉलमध्ये शोधावे लागेल, आणि मला वाटते ते तूच नकळत लिहून पाठवले आहेस. पावसाळा सुरू झाल्यावर गॅलरीत पाणी येऊ लागले म्हणून लिटर बॉक्स तुम्ही हॉलमध्ये आणला. वहिनींचा बिछानाही हॉलमध्येच असतो. म्हणजे वाईजवळच्या मोकळ्या अंगणाच्या घरातून, तुझे वडील गेल्यावर पहिल्यांदाच शहरात राहायला आलेल्या बाईंच्या उशापासून चार-पाच हातांवर तुम्ही मांजराचा संडास ठेवला आहे, आणि पावसामुळे खिडक्याही बंद आहेत. फेब्रुवारीत मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा वहिनी बोक्याकडे पाहून नाक मुरडत होत्या, परंतु त्याला घालवून द्या असे म्हणाल्या नव्हत्या. तो आग्रह, तुझ्याच पत्रानुसार, जूनच्या मध्यावर सुरू झाला. मला वासाने झोप लागत नाही, असे सुनेच्या घरात म्हणणे त्यांना कमीपणाचे वाटत असेल. नातवाच्या काळजीने बोलणे मात्र आजीला शोभते, आणि ती काळजी खोटीही नाही. तुला तक्रार ऐकू आली ती बाळाची, आणि त्याच्या मागे असलेली झोपेची तक्रार तुला कोणी सांगितलीच नाही.

बोक्याच्या बाजूनेही तेच आहे. त्याची जागा बदलली, तिथे माणसांची सतत ये-जा सुरू झाली, आणि अनोळखी वासाची एक मऊ गोधडी शेजारीच आली. तेव्हा बॉक्स हॉलमधून हलव. गॅलरीला ताडपत्री किंवा प्लास्टिकचे छत करून एक बॉक्स तिथे ठेव आणि दुसरा न्हाणीघराच्या कोरड्या कोपऱ्यात ठेव. एका मांजराला दोन बॉक्स ही चैन नसून सोय आहे. बिनवासाचे लिटर, म्हणजे बॉक्समधली वाळू, वापर आणि ते दिवसातून दोनदा साफ कर. गोधडीसाठी पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे, एन्झाइम असलेले द्रावण वापर, कारण नुसत्या साबणाने आपल्या नाकाला वास गेला तरी मांजराच्या नाकाला तो राहतो. आणि फरशी पुसायला फिनाईल वापरत असाल तर ते आजपासून बंद करा. त्यातील फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटणे हा मांजराचा नित्यक्रमच असतो. बोक्याची नसबंदी झाली आहे की नाही, हे तू लिहिलेले नाहीस. झाली नसेल तर हद्द दाखवण्यासाठी बोके भिंतींवर आणि कपड्यांवर फवारे मारतात, तेव्हा तेही डॉक्टरांशी बोलून घे.

आता वहिनींनी मांडलेल्या धोक्याविषयी. तो त्यांच्या मनाचा खेळ नाही, आणि 'आई, हे सगळे जुने समज आहेत' असे जे तू म्हणालास, ते चुकीचे होते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी आहे. तो 1908 मध्ये ट्युनिसमध्ये एका कुरतडणाऱ्या प्राण्यात सापडला, परंतु त्याचे जीवनचक्र मांजराच्या आतड्यात पूर्ण होते हे निश्चित व्हायला 1970 साल उजाडावे लागले. स्त्रीला आयुष्यातला पहिला संसर्ग गरोदरपणात झाला, तर तो बाळापर्यंत पोहोचू शकतो आणि बाळाच्या डोळ्यांना किंवा मेंदूला इजा करू शकतो. इथपर्यंत वहिनींचे बरोबर आहे. पुढचा भाग मात्र त्यांना कोणी सांगितलेला नाही. मांजर या परजीवीची बीजे विष्ठेतून टाकते ती बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे. ताजी विष्ठा संसर्गजन्य नसते. ती बीजे पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून जो बॉक्स रोज साफ होतो, त्यातला धोका जवळपास निघून जातो. कधीच बाहेर न जाणाऱ्या, उंदीर किंवा कच्चे मांस न खाणाऱ्या तुमच्या बोक्याला हा संसर्ग असण्याची शक्यता मुळातच कमी आहे. त्याला कुरवाळल्याने किंवा त्याच्या केसांनी हा आजार सहसा होत नाही. माणसांना तो बहुतेकदा अर्धवट शिजलेल्या मांसातून, नीट न धुतलेल्या पालेभाजीतून आणि मातीतून होतो. तेव्हा कोथिंबीर दोन पाण्यांनी धुणे आणि कुंड्यांची माती हाताळताना हातमोजे घालणे ही पथ्ये, घरात बोका नसता तरी, सूनबाईंना पाळावीच लागली असती. लिटर बॉक्स मात्र बाळंतपण होईपर्यंत तू साफ करायचा, सूनबाईंनी नाही आणि वहिनींनीही नाही. हे काम आतापर्यंत कोण करत होते, हे तू पत्रात लिहिलेले नाहीस, आणि न लिहिण्याचे कारण मी ओळखून आहे.

हे सारे तू आईला समजावून सांगू नकोस. सूनबाईंनी तर मुळीच सांगू नये. वहिनींना पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा आणि त्यांचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरीणबाईंना विचारू दे. पूर्वी संसर्ग होऊन गेला आहे का आणि नवा आहे का, हे पाहणाऱ्या रक्ताच्या चाचण्या असतात. त्या करायच्या की नाही आणि त्यांचा अर्थ काय, हे डॉक्टरीणबाई ठरवतील. मुलाच्या तोंडून ऐकलेले शास्त्र आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले शास्त्र यांत अक्षराचा फरक नसला, तरी पहिल्यात आईचा पराभव असतो. मी माझ्या आईशी असे अनेक वाद जिंकले आहेत. जिंकल्यानंतरच्या जेवणांना चव नसे.

त्याचप्रमाणे दोघींचे निरोप एकमेकींना पोहोचवण्याचे काम आजपासून सोड. आई तुझ्याजवळ सुनेविषयी बोलली तर ऐकून घे, आणि ते तुझ्याजवळच राहू दे. सूनबाईंच्या बाबतीतही तसेच. निरोप्या म्हणून तू जे शब्द नेतोस, त्यांना वाटेत तुझी वैतागलेली चाल लागते.

वहिनींना बोका आवडावा, हा हट्टही धरू नकोस. त्यांच्या गावच्या घरी मांजरे होतीच. परंतु ती माळ्यावर आणि गोठ्यात असत, उंदीर धरत आणि दुधाच्या वाटीपुरती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येत. माणसांच्या पांघरुणात झोपणारे मांजर त्यांनी साठ वर्षांत पाहिलेले नाही. सूनबाईंसाठी तोच बोका लग्नाआधीच्या एकट्या भाड्याच्या खोलीतला सोबती आहे. दोघींना एकच प्राणी दिसत नाही, आणि तो एक दिसावा अशी गरजही नाही. गरज आहे ती हद्दींची. स्वयंपाकाचा ओटा, देव्हारा आणि वहिनींचा बिछाना या तीन जागा बोक्याला पूर्ण बंद. देव्हाऱ्याला झडप लावून घे, ओट्यावर काही उघडे ठेवू नका, आणि वहिनींची गोधडी सकाळी घडी करून कपाटात जाऊ दे. या हद्दी सूनबाईंनी स्वतः पाळल्या, तर निम्मे भांडण तिथेच मिटेल. आणि माझी विनंती आहे की त्या तू सांगण्याआधी त्यांच्याकडूनच सुचू देत.

मासळी बाजारात सोडून येऊ, तिथे त्याचे पोट भरेल, असा जो पर्याय निघाला, त्याविषयी थोडक्यात लिहितो. घरात वाढलेला बोका बाजारातल्या कुत्र्यांपुढे आणि तिथल्या बोक्यांपुढे फार दिवस टिकत नाही. शिवाय पाळलेले जनावर असे सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड त्यात दहा ते पन्नास रुपये इतकाच लिहिलेला आहे, त्यामुळे कायद्याची भीती मी तुला घालत नाही. खरोखरच ठेवणे अशक्य झाले, तर त्याला ओळखीचे घर शोधून द्यायला मी मदत करीन. परंतु ती वेळ आलेली आहे असे मला दिसत नाही.

बाळ येईपर्यंत तुझ्या हाती चार-पाच महिने आहेत. गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी बसवून घे. कबुतराच्या मागे झेपावून चौथ्या मजल्यावरून पडणारी मांजरे असतात, आणि वर्षभराने तीच जाळी रांगणाऱ्या मुलाच्याही उपयोगी पडेल. बोक्याची रेबीजची लस दरवर्षी वेळेवर दे. तरीही कोणाला त्याने चावले किंवा ओरबाडून रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. मांजर बाळाच्या छातीवर बसून श्वास कोंडते, हे वहिनी सांगतील; ते ऐकून हसू नकोस. मांजर उबेला जाते आणि तान्ह्या बाळाला मान नीट सावरता येत नाही, एवढे त्यात खरे आहे. पाळणा आतापासून लावा, त्यात बोक्याला एकदाही बसू देऊ नका, आणि बाळ झोपलेले असताना त्या खोलीत बोका एकटा राहणार नाही, हा नियम करा. आणखी एक, बोक्याला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराला अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते, आणि प्रेमाने दिलेल्या अशा गोळीची केस मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे.

वहिनींना माझा नमस्कार सांग आणि सूनबाईंना आशीर्वाद. हॉलमधला बॉक्स आज हलवलास की नाही, ते सवडीने लिही. बोक्याला लघवी मोकळी होते की नाही, हे मात्र आज रात्रीच फोनवर कळव. मी अकरापर्यंत जागा असतो, आणि गरज पडली तर त्यानंतरही उठव.

तुझा,
काका