वाचकांचे प्रश्न : देशाचे धोरण कसे घडत जाते, हे वर्गात कसे शिकवावे?

प्रश्न : मी एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. अलिप्ततावादाची वैशिष्ट्ये, पंचशीलाची तत्त्वे, हरितक्रांतीचे परिणाम हे सारे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत व्यवस्थित लिहितात. परंतु १९५० च्या दशकातील भूमिका १९७० पर्यंत का बदलली, असे विचारले की वर्ग गप्प होतो. देशांतर्गत धोरण आणि परराष्ट्र धोरण हे तर त्यांना दोन वेगळे विषयच वाटतात. धोरण काळाच्या ओघात घडत जाते, हे त्यांच्या मनात कसे उतरवावे?

उत्तर : वर्ग गप्प होतो याचे कारण मला प्रकरणांच्या मांडणीत दिसते. अभ्यासक्रमात नियोजन एका प्रकरणात येते, अन्नधान्य दुसऱ्यात आणि महासत्तांशी संबंध तिसऱ्यात. दिल्लीत मात्र हे तिन्ही विषय त्याच मंत्रिमंडळापुढे, त्याच तिजोरीच्या जोरावर आणि पुष्कळदा त्याच आठवड्यात येत असत. म्हणून माझी सूचना अशी की एका वस्तूचा धागा हाती धरावा आणि तो वर्षभर सोडू नये. माझी पसंती गव्हाला आहे, कारण तो प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरात आहे आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील देशांतर्गत व परराष्ट्र धोरणाचे दोन पदर त्याच्याभोवती जितके घट्ट वळले गेले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाभोवती वळले गेले असतील.

सुरुवात फाळणीपासून करावी. कालव्याच्या पाण्यावर पिकणारा पश्चिम पंजाबचा मोठा मुलूख पाकिस्तानात गेला आणि बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची आठवण ताजी असलेल्या देशाला धान्य आयात करणे भाग पडले. १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला सुमारे २० लाख टन धान्यासाठी कर्ज दिले, पण तो कायदा अमेरिकी काँग्रेसमध्ये कित्येक महिने रखडला होता, कारण कोरियाच्या युद्धाविषयीची भारताची भूमिका तेथील अनेक सदस्यांना पसंत नव्हती. परराष्ट्र धोरणाची किंमत रेशनच्या दुकानात मोजावी लागू शकते, हे विद्यार्थ्यांना एवढ्या एका प्रसंगावरून कळते.

पुढचा टप्पा पीएल-४८० चा. १९५४ च्या या अमेरिकी कायद्यानुसार तेथील शिलकी धान्य डॉलरऐवजी गरजू देशाच्या स्वतःच्या चलनात विकत घेता येत असे. भारताने या कायद्याखाली पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये केला आणि त्याच वर्षी अवजड उद्योगांवर भर देणारी दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. या दोन गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात. गव्हासाठी रुपये मोजले की दुर्मीळ परकीय चलन पोलाद कारखान्यांच्या यंत्रसामग्रीसाठी वाचत होते. शिवाय शहरांतील धान्याचे भाव आटोक्यात राहत होते. दुसऱ्या बाजूला, स्वस्त परदेशी गव्हामुळे देशातील शेतकऱ्याला पीक वाढवण्याचे कारण उरत नाही, ही टीका त्याही काळी होत होती. मे १९६० मध्ये तत्कालीन अन्नमंत्री, मुंबईचे स. का. पाटील यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याबरोबर चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ घेण्याचा करार केला. आज आपण या कराराकडे परावलंबन म्हणून पाहतो. त्या वेळी अनेकांना तो दूरदृष्टीचा वाटला होता, आणि तो तसा का वाटला हे विद्यार्थ्यांना समजेपर्यंत पुढे जाऊ नये.

आता मी ज्या टप्प्यावर आपण सर्वांत अधिक वेळ द्यावा असे म्हणेन, तो १९६५ ते १९६८ हा काळ. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले आणि अमेरिकेने दोन्ही देशांची मदत थांबवली. त्याच वर्षी पाऊस फसला आणि अन्नधान्याचे उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाख टनांवर आले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार टाळून थोडाथोडा गहू सोडण्याचे ठरवले. बोट बंदराला लागली की धान्य जवळजवळ थेट रेशनच्या दुकानात जावे, अशी स्थिती आली. लालबहादूर शास्त्री यांनी देशाला सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्याच वर्षी ६ जून रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला, आणि तरीही व्हिएतनाममधील अमेरिकेचा बॉम्बवर्षाव थांबावा ही मागणी भारताने सोडली नाही. भूक आणि स्वाभिमान यांच्यातील ती ओढाताण मला आजही अस्वस्थ करते, आणि विद्यार्थ्यांनीही तिच्यापाशी थोडे थांबावे असे मनापासून वाटते.

या टप्प्यासाठी व्याख्यान देऊ नये. वर्गाला नोव्हेंबर १९६५ मध्ये नेऊन बसवावे आणि त्यानंतरचे काहीही सांगू नये. एका गटाला कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांची बाजू द्यावी : नवे बुटके (आखूड ताटाचे, अधिक उत्पन्न देणारे) गहू, रासायनिक खते, शेतकऱ्याला खात्रीचा भाव, आणि त्यासाठी जानेवारी १९६५ मध्ये स्थापन झालेले भारतीय अन्न महामंडळ व कृषी मूल्य आयोग. दुसऱ्या गटाला अर्थखात्याची बाजू द्यावी : खतांसाठी परकीय चलन कोठून आणायचे, आणि शेतमालाचे भाव वाढवले तर शहरातील कामगाराने काय खायचे? तिसऱ्या गटाने परदेशी बियाण्यांवर आणि परदेशी खत कंपन्यांवर विसंबण्याला विरोध करणाऱ्या खासदारांचे म्हणणे मांडावे. चौथा गट महाराष्ट्राचा असावा, कारण आपले राज्य तुटीचे होते आणि पंजाबचा गहू मुक्तपणे येथे येत नव्हता. चर्चा संपली, प्रत्येकाने आपला निर्णय लेखी दिला, की मगच सांगावे की त्याच महिन्यात रोममध्ये सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात, तेव्हा जाहीर न केलेला, समझोता झाला. शेतीधोरण बदलण्याची हमी भारताने दिली. आणि १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आले.

हा बदल अमेरिकेच्या दबावामुळे झाला की सुब्रमण्यम यांनी तो आधीच ठरवला होता? या प्रश्नाचे एका ओळीचे उत्तर आपण देऊ नये. भाव आयोग आणि अन्न महामंडळ यांची स्थापना रोमच्या समझोत्याच्या आधीची आहे, ही तारीख विद्यार्थ्यांना शोधू द्यावी. मंत्र्याला जे करायचेच होते, त्यासाठी त्याला बाहेरच्या दबावाचा आपल्या सहकाऱ्यांसमोर उपयोग झाला, असे माझे मत आहे. एखाद्या विद्यार्थ्याने पुराव्यासह याच्या उलट लिहिले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.

१९६८ मध्ये गव्हाचे पीक विक्रमी आले आणि १९७१ च्या अखेरीस पीएल-४८० ची आयात थांबली. ज्या वर्षी बांगलादेशचा प्रश्न उभा राहिला, सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले आणि अमेरिका पाकिस्तानच्या बाजूने उभी राहिली, त्याच वर्षी देशाच्या कोठारात धान्याचा पुरेसा साठा होता. १९६६ सालच्या कोठारांनिशी १९७१ सालचे निर्णय घेता आले असते का, हा प्रश्न परीक्षेत विचारण्याच्या योग्यतेचा आहे.

मात्र येथे गोष्ट संपवली, तर विद्यार्थ्यांना धोरण म्हणजे सरळ चढणारी पायवाट वाटेल. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा माझ्या पिढीने परदेशातून आलेल्या मिलोच्या (लाल ज्वारीच्या) लाल भाकरी खाल्ल्या आहेत आणि दुष्काळी कामांवर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ वाटला जाताना पाहिला आहे. त्या दुष्काळातून आपल्या राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि केंद्राने १९७३ मध्ये सोव्हिएत संघाकडून २० लाख टन गहू उसना घेतला. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आजी-आजोबांना मिलो, सुकडी आणि ‘हायब्रीड’ ज्वारीविषयी विचारावे. ज्या राष्ट्रीय धोरणाविषयी ते वाचतात, त्याचा साक्षीदार त्यांच्याच घरात बसलेला असतो.

अशा आठवणी तपासूनही घ्याव्या लागतात. गाजरगवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवतही म्हणतात, ते पीएल-४८० च्या गव्हातून आले, असे आपण सर्वांनी ऐकले आहे. या तणाची पुण्यातील नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ते त्याआधीच दिसलेले होते, तर पीएल-४८० चा पहिला करारच ऑगस्ट १९५६ चा आहे. त्याआधीही परदेशी गहू येत होता, त्यामुळे बी आयात धान्यातून आले असण्याची शक्यता उरते. पण प्रचलित हकीकत तारखांच्या कसोटीवर जशीच्या तशी टिकत नाही. सातआठ मिनिटांची ही उठाठेव पुरावा म्हणजे काय हे जितके चांगले शिकवते, तितके पुराव्याच्या व्याख्येने शिकवून होत नाही.

प्रश्न : धोरण बदलले म्हणजे आधीचे धोरण चुकीचे होते, असे माझा अकरावीतील मुलगा म्हणतो. १९७१ चा सोव्हिएत करार झाला तेव्हा अलिप्ततावाद संपला, असे त्याने उत्तरात लिहिले आणि त्याचे गुण गेले. त्याला काय समजावून सांगावे?

उत्तर : त्याला प्रथम मूळ करार वाचायला द्यावा, तो लहान आहे. ९ ऑगस्ट १९७१ च्या त्या करारातील चौथ्या कलमात सोव्हिएत संघ भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा आदर करतो, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि नवव्या कलमात दोघांपैकी एकावर हल्ला झाल्यास किंवा तसा धोका निर्माण झाल्यास ताबडतोब विचारविनिमय करण्याचे ठरले आहे. ही दोन कलमे एकमेकांशी जुळतात की नाहीत, यावर त्याने स्वतःचे मत बनवावे. करार करताना भारतापुढे कोणती परिस्थिती होती हेही त्याने पाहावे : त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर पाकिस्तानच्या मदतीने गुप्तपणे पेकिंगला (आजच्या बीजिंगला) जाऊन आले होते. आपल्या निर्णयांवर दुसऱ्याचा ताबा असू नये हा उद्देश तोच राहिला, तो साधण्याचा मार्ग बदलला, असे मी म्हणेन. तरीही आपल्या मुलाचे मत निराधार नव्हते. त्याने ते कलमांच्या आधारे मांडले असते, तर त्याचे गुण जायला नको होते.

भूमिका अनेक वर्षे अर्धवट अवस्थेत राहू शकते, हे दाखवणारे आणखी एक उदाहरण त्याला सांगावे. भारताने इस्रायलला मान्यता १९५० मध्ये दिली, इस्रायलचा वाणिज्य दूतावास मुंबईत १९५३ पासून होता, परंतु पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी प्रस्थापित झाले. दरम्यानच्या चार दशकांत पॅलेस्टिनी जनतेला असलेला पाठिंबा, अरब देशांचे तेल, आखातात काम करणारे लाखो भारतीय आणि देशातील मुस्लीम समाजाचे मत या सर्वांचा विचार होत राहिला. १९९१ मध्ये माद्रिदला अरब देश आणि इस्रायल एका मेजाभोवती बसले, सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि स्वतः भारत परकीय चलनाच्या संकटातून जात होता. तेव्हा जुना हिशोब पुन्हा मांडला गेला. कोकणातून इस्रायलला गेलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांनी हा सारा काळ दोन्ही देशांशी नाते ठेवून काढला, हे त्याला कदाचित पुस्तकात आढळणार नाही.

प्रश्न : धोरणांचा विषय काढला की वर्गात लगेच पक्षांचा वाद सुरू होतो. शिक्षकाने काय करावे?

उत्तर : ज्या धोरणाला अनेक सरकारांचे हात लागले आहेत, असे उदाहरण निवडावे. भारत-बांगलादेश भू-सीमा करार मला यासाठी उत्तम वाटतो. इंदिरा गांधी आणि शेख मुजिबुर रहमान यांनी तो १९७४ मध्ये केला, मनमोहन सिंग यांच्या काळात २०११ मध्ये त्याला पुरवणी करार जोडला गेला, आणि नरेंद्र मोदी यांच्या काळात २०१५ मध्ये १०० वी घटनादुरुस्ती होऊन तो अमलात आला. ज्या भारतीय जनता पक्षाने २०१३ मध्ये या विधेयकाला विरोध केला, त्याच पक्षाच्या सरकारने ते मंजूर करून घेतले. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताची १११ आणि बांगलादेशची ५१, चारही बाजूंनी दुसऱ्या देशाच्या भूमीने वेढलेली गावे परस्परांकडे गेली, आणि तेथील माणसांना ४१ वर्षांनी आपला देश मिळाला. एवढा काळ का लागला, याचा शोध घेताना विद्यार्थ्यांना न्यायालय, आसाम, पश्चिम बंगाल आणि राज्यसभा हे सारे भेटते, आणि त्यांना पक्षाचे नाव घ्यावे लागले तरी तारखेसह घ्यावे लागते. तासाची सुरुवात १९७४ च्या करारातील अनुसमर्थनाच्या, म्हणजे सही झालेल्या कराराला देशाने अंतिम मान्यता देण्याच्या, कलमापासून करावी : बांगलादेशने ते अनुसमर्थन त्याच वर्षी दिले, भारताने दिले नाही, ते का दिले नाही, एवढे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना कामाला लावावे.