भाषा-शंका: स्पॅनिशमधलं 'खाल्लं'

प्रश्न: ऐरोलीतल्या कंपनीत मेक्सिकोच्या ग्राहकांशी बोलावं लागतं, म्हणून स्पॅनिश शिकते आहे. 'कोमेर' (खाणे, जेवणे) हे नियमित क्रियापद वर्तमानकाळात जमतं. भूतकाळात हमखास घोळ होतो. 'तुम्ही जेवलात का?' हेही चुकतं. काय करावं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: वर्तमानकाळ ताडून घ्या. 'एर' काढून प्रत्यय लावायचे: मी कोमो, तू कोमेस, तो किंवा ती कोमे, आम्ही कोमेमोस, ते कोमेन. खातो-खाते असा भेद नाही. स्पेनमधलं 'कोमेइस' मेक्सिकोत लागत नाही, सोडून द्या.

भूतकाळाची रूपं याच क्रमाने: कोमी, कोमिस्ते, कोम्यो, कोमिमोस, कोम्येरोन. ती तुम्हाला पाठ असतीलच. आड येते ती मराठी. आपण 'मी आंबा खाल्ला', 'मी दोन आंबे खाल्ले' म्हणतो, क्रियापद कर्माच्या मागे जातं. शिवाय 'त्याने आंबा खाल्ला' इथेही 'खाल्ला'च. स्पॅनिश क्रियापद कर्माकडे ढुंकूनही बघत नाही: कोमी उन मांगो, कोमी दोस मांगोस. कर्ता 'तो' झाला की मात्र कोम्यो दोस मांगोस. म्हणून सराव दोन्हीकडून करा. कर्म तेच ठेवून पाच कर्ते बदला, मग कर्ता तोच ठेवून पाच कर्मं. आणि मोठ्याने म्हणा, कारण कोमी, कोम्यो यांत जोर शेवटच्या अक्षरावर येतो. 'आब्लार' (बोलणे) घेतलंत तर जोर चुकला की अर्थच फिरतो: 'आब्लो'च्या 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलते', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'.

आता 'तुम्ही'. मान द्यायचा म्हणून आपण अनेकवचन लावतो आणि तोंडातून 'उस्तेदेस कोम्येरोन' निघतं. त्याचा अर्थ 'तुम्ही सगळे जेवलात'. समोर एकच माणूस असेल तर 'उस्तेद', आणि क्रियापद 'तो'चं: 'या कोम्यो उस्तेद?' (इथला 'या' स्पॅनिश, म्हणजे 'आधीच'.)

मात्र वेळ बघून विचारा. जेवणाच्या अर्थाने 'कोमेर' तिथे मुख्यतः दुपारचं. रात्रीच्या जेवणाला 'सेनार', नाश्त्याला 'देसायुनार'; दोन्ही नियमित, 'आब्लार'सारखीच चालतात. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा मेक्सिको सिटीत सकाळचे दहा. त्या कॉलवर 'या देसायुनो उस्तेद?' हेच शोभेल.