‘द्राय’ येतं, ‘पाणी’ येत नाही

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी मिरजेत एका रुग्णालयात परिचारिका आहे. जर्मनीत नोकरीसाठी प्रयत्न चालू आहेत. जर्मनची बी-१ परीक्षा झाली, बी-२ चा क्लास चालू आहे. सगळं जमून आलं तर वर्षभरात आम्ही तिघं तिकडे असू. मुलगा बावीस महिन्यांचा आहे. त्याला तिथे जड जाऊ नये म्हणून गेले आठ महिने रोज जर्मन बालगीतांचे व्हिडिओ लावून देते. सकाळी माझं आवरेपर्यंत आणि रात्री जेवताना, असे मिळून दीड-दोन तास होतात. तो ‘आइन्स, त्स्वाय, द्राय’ असं दहापर्यंत सुरात म्हणतो. ‘रोट’, ‘ब्लाउ’ हे रंगही म्हणतो. क्लासमधल्या मैत्रिणींना फार कौतुक वाटतं. पण पाणी हवं असलं की माझा हात धरून माठाकडे ओढत नेतो, ‘पाणी’ म्हणत नाही. मराठीत ‘आई’, ‘आजी’, ‘नाही’, ‘भूर’ असे सात-आठच शब्द आहेत. सासूबाई म्हणतात, भाषांची खिचडी झाल्यामुळे तो बोलत नाही, व्हिडिओ बंद कर. मिस्टर म्हणतात, तिकडेच जायचं आहे तर घरात मराठी कमी करून जर्मन वाढवू. मी कोणाचं ऐकू?
— एक आई, मिरज

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मी त्या माठापाशी थांबले. बोलते तेही तिथूनच.

‘आइन्स, त्स्वाय, द्राय’ ही तुमच्या मुलासाठी सध्या एक चाल आहे. शब्द न कळता मुलं आरती म्हणतात, तशी. एकदा समोर तीन बिस्किटं ठेवून बघा, तो ‘द्राय’ म्हणणार नाही असा माझा अंदाज आहे. मला काहीतरी हवंय, मी तोंडातून एक आवाज काढतो आणि त्या आवाजाने समोरचं माणूस हलतं, हा अनुभव शेकडो वेळा आला की मूल बोलू लागतं. व्हिडिओत हा अनुभव मिळत नाही. तुमचा मुलगा ‘ब्लाउ’ म्हणो किंवा गप्प राहो, पडद्यावरचं अस्वल पुढच्या रंगाकडे निघून जातं. त्याची नजर खिडकीतल्या कावळ्याकडे गेली, तर ते अस्वल कावळ्याबद्दल बोलत नाही. आजी बोलते.

एका प्रयोगाबद्दल मी पालकांना गेली वीस वर्षं सांगत आले आहे. त्याआधीचा थोडा धागा सांगते, कारण त्यात आपली अक्षरं आहेत. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ‘ट’ आणि ‘त’ वेगवेगळा ओळखतात. वर्षाची होईतो बहुतेकांना तो फरक ऐकू येईनासा होतो, कारण घरात तसं कोणी बोलत नाही. मग अमेरिकेत सिएटलला पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी विचारलं, ही ओळख टिकवता येते का? त्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांसमोर चिनी, म्हणजे मँडरिन बोलणारी माणसं बसवली. पुस्तकं, खेळणी, गप्पा. सुमारे पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका, म्हणजे सगळे मिळून पाच तास. तेवढ्यावर ती बाळं मँडरिनमधले दोन जवळजवळचे उच्चार वेगळे ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तीच पुस्तकं, तीच खेळणी पडद्यावर दाखवली आणि आणखी काहींना नुसता आवाज ऐकवला. त्या बाळांनी काहीच उचललं नाही. मँडरिन कधी न ऐकलेल्या बाळांसारखीच ती राहिली. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी माझ्या कोल्हापूरच्या क्लिनिकमधला कोपऱ्यातला टीव्ही काढून टाकला.

मैत्रिणींच्या कौतुकाबद्दल एवढंच, की २०१० साली ज्युडी डीलोच यांनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांना घरी चार आठवडे शब्द शिकवणारी डीव्हीडी दाखवायला लावली. डीव्हीडी न पाहणाऱ्यांपेक्षा ती मुलं जास्त शब्द शिकली नाहीत. सर्वांत जास्त शिकली ती, ज्यांना आईबाबांनी रोजच्या व्यवहारात ते शब्द सांगितले. आणि ज्या पालकांना डीव्हीडी आवडली होती, त्यांना आपलं मूल बरंच शिकलं असं वाटत होतं. तेव्हा तुम्हाला तसं वाटलं यात तुमची चूक नाही. मुलाच्या काळजीपोटीच तुम्ही हे केलंत.

तुम्ही म्हणाल, शेजारची पाच वर्षांची मुलगी कार्टून बघून फाडफाड हिंदी बोलते, ते कसं? बोलते, खरं आहे. माझ्याकडे येणारी काही मुलं ‘चमचा’तला ‘च’ सुद्धा हिंदीतल्या ‘चंदा’सारखा म्हणू लागली आहेत. पण त्या वयात मुलाची एक भाषा पक्की उभी राहिलेली असते, हिंदी मराठीला लागून आहे आणि रस्त्यात, दुकानात तिला उत्तर देणारी माणसं आहेत. बावीस महिन्यांच्या बाळाकडे यातलं काहीच नाही.

आता खिचडी. सासूबाईंनी व्हिडिओ बंद करायला सांगितले ते बरोबर आहे, कारण मात्र दुसरं आहे. दोन-तीन भाषांनी मूल गोंधळत नाही. तुमच्या मिरजेतच घरात कन्नड किंवा उर्दू आणि अंगणात मराठी बोलणारी किती मुलं आहेत! त्या सगळ्या भाषा त्यांच्याशी माणसं बोलतात. तुमच्या मुलाचे रोजचे दीड-दोन तास मात्र उत्तर न देणाऱ्या पडद्यासमोर जातात. त्या वेळात त्याच्याशी जे बोलणं झालं असतं, ते होत नाही.

मिस्टरांच्या सूचनेबद्दल मला माझी एक चूक सांगावी लागेल. १९९९ साली, व्यवसायात नवी असताना, एका जोडप्याला मी सांगितलं होतं, मूल उशिरा बोलतंय, शाळा इंग्रजी असणार, घरात फक्त इंग्रजीच बोला. तेव्हा तसा सल्ला सर्रास दिला जायचा. आईबाबांचं इंग्रजी कामापुरतं होतं. ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ यापुढे ते जाईना. आजीला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून नातवाशी बोलायचंच तिने बंद केलं. चार महिन्यांनी ती मला म्हणाली, ‘बाई, मी आता त्याला नुसती भरवते.’ त्या घरातला सर्वांत बोलका माणूस मी गप्प केला होता. तो सल्ला मी मागे घेतला, पण ते चार महिने त्या मुलाला परत देता आले नाहीत. तुमच्या घरात हे होऊ देऊ नका. तुमचं बी-२ चं जर्मन पेशंटशी बोलायला उपयोगी पडेल; मुलाला रागवायला, समजवायला, झोपवायला जी भाषा लागते ती तुमच्याकडे मराठीत आहे.

जर्मन त्याला तिथे मिळेल. १ ऑगस्ट २०१३ पासून जर्मनीत वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात किंवा बालसंगोपनात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. मोठ्या शहरांत प्रत्यक्ष जागा मिळवायला खटपट पडते, म्हणून पत्ता ठरला की लगेच अर्ज करा. त्यांच्या ‘किटा’मध्ये, म्हणजे पाळणाघरात, सुरुवातीला ‘आइनगेव्योनुंग’ असते, म्हणजे सरावण्याचा काळ. पहिले काही दिवस आई किंवा वडील मुलासोबत तिथे बसतात, मग हळूहळू त्याला सोडतात. नोकरीच्या तारखा ठरवताना हे दिवस हाताशी ठेवा. तिथे वाळूत शेजारी बसलेलं पोर ‘हे माझं आहे’ म्हणून फावडं ओढेल, तेव्हा तुमचा मुलगा जर्मन शिकेल. ज्या मुलाकडे एक भाषा भरपूर असते, त्याला दुसरी घेणं सोपं जातं.

सर्वांत आधी मात्र त्याची श्रवणतपासणी करून घ्या. ओएई आणि ‘बेरा’ या कानाच्या चाचण्या तुम्हाला सांगायला नकोत. दोन वर्षांपर्यंत अर्थाने वापरलेले पन्नासेक शब्द आणि ‘बाबा ये’ अशी दोन शब्दांची जोडणी आपण धरतो. सुरात म्हटलेले आकडे त्यात मोजू नका. तो हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, हाक मारल्यावर वळून बघतो का, कावळा दिसला की तुम्हाला दाखवायला तुमच्याकडे पाहतो का, हे आठवडाभर लिहून ठेवा. यातली एक जरी गोष्ट होत नसेल तर थांबू नका. जिल्हा पातळीवरच्या शासकीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रात हे विनामूल्य बघतात. हात धरून नेणं हाही संवादच आहे, पण त्यासोबत बोट आणि नजर आहे का, हे मला हवं आहे.

व्हिडिओ सध्या बंद करा. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, नातेवाइकांशी अधूनमधून केलेला व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. त्या सवलतीला आधार आहे. २०१४ च्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवर समोरच्या बाईकडून नवे शब्द शिकली, तिच्याच आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. कॉलवरचं माणूस त्यांना उत्तर देत होतं. तुमची रात्रपाळी असेल तेव्हा फोन याच कामाला लावा.

आणि माठापाशी तो तुम्हाला घेऊन गेला की लगेच ग्लास भरू नका. त्याच्या उंचीला खाली बसा. ‘पाणी? पाणी हवंय?’ म्हणा आणि त्याच्या तोंडाकडे बघत मनात दहापर्यंत मोजा, जर्मनमध्ये मोजलंत तरी चालेल. ‘पा’ एवढं जरी आलं तरी भरा, आणि ओतताना ‘पाणी, गार पाणी’ म्हणत राहा. काहीच आलं नाही तरी दहानंतर द्या, त्याला तहानलेला ठेवू नका. रात्रीचं जेवण मोबाइलशिवाय, सासूबाईंच्या मांडीवर. पहिले तीन-चार दिवस तो रडेल, ताट ढकलेल. त्या दिवसांत कमी जेवला तरी त्यांच्यावर चिडू नका, आणि त्यांना माझा नमस्कार सांगा.