‘शोभेचे आले’ म्हणावे का?

बागकामावरील मजकूर मराठीत आणताना एका वाचकाला पडलेला प्रश्न असा : इंग्रजीत ‘ऑर्नमेंटल जिंजर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, उष्ण प्रदेशांतल्या बागांत फुलांसाठी लावल्या जाणाऱ्या झाडांना ‘शोभेचे आले’ म्हणावे का, आणि त्याच न्यायाने ‘रेड जिंजर’ला ‘लाल आले’, ‘टॉर्च जिंजर’ला ‘मशाल आले’ म्हटलेले चालेल का?

माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण ‘आले’ या शब्दाच्या घडणीतच सापडते. संस्कृत ‘आर्द्रक’, प्राकृत ‘अल्लय’ आणि मराठी ‘आले’ असा या शब्दाचा प्रवास आहे. आर्द्र म्हणजे ओले. म्हणजे आले हे मुळात ओल्या गड्ड्याचे नाव आहे, आणि तोच गड्डा वाळला की आपण त्याला आले म्हणत नाही, सुंठ म्हणतो. एकाच वस्तूच्या ओल्या आणि वाळलेल्या अवस्थांना दोन स्वतंत्र नावे देणाऱ्या भाषेचे लक्ष झाडाकडे नव्हते, हातात येणाऱ्या गड्ड्याकडे होते. संस्कृतातला दुसरा शब्द ‘शृंगवेर’ याचीही गोष्ट तीच आहे. शिंगासारख्या आकारावरून तो आला असे परंपरेने सांगितले जात असले, तरी त्यामागे द्राविडी शब्द असल्याचे अभ्यासक मानतात, आणि तमिळमध्ये ‘वेर’ म्हणजे मूळच. हाच शब्द ग्रीक-लॅटिनमधून फिरत इंग्रजीत ‘जिंजर’ झाला आणि शास्त्रीय नावात ‘झिंजिबर’ म्हणून स्थिरावला.

इंग्रजीत ‘जिंजर’चा अर्थ पुढे गड्ड्यावरून झाडावर आणि झाडावरून त्याच्या भाऊबंदांवर पसरला. मराठीत तसे झाले नाही. म्हणूनच ‘लाल आले’ वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लाल रंगाचा गड्डा येतो, लाल तुरा येत नाही. शिवाय ‘बागेत लाल आले’ या शब्दांत ‘आले’ हे क्रियापद आहे की नाम, हे वाक्य पूर्ण होईपर्यंत कळत नाही.

मराठीने या कुळातल्या फुलझाडांना नावे दिली नाहीत असे मात्र नाही. ज्याला इंग्रजीत ‘जिंजर लिली’ म्हणतात तो आपला सोनटक्का; त्याचा लिलीशी काहीही संबंध नसल्यामुळे ‘आले-लिली’ हे भाषांतर दुहेरी चुकीचे ठरते. पाने येण्याआधी थेट जमिनीतून सुगंधी फुले काढणारा तो भुईचाफा, मग चाफ्याशी त्याचे नाते नसले तरी हरकत नाही. या दोन्ही नावांत आल्याचा मागमूस नाही. झाड ज्या गुणासाठी मनात भरले, त्यावरून नाव पडले, आणि ही रीत मला फार मोलाची वाटते. ‘क्रेप जिंजर’ म्हणून बागांत दिसणाऱ्या पेवाचे तर कुळही वेगळे आहे : त्याची पाने खोडाभोवती जिन्यासारखी वळत चढतात, तर खऱ्या आलेवर्गीय झाडांत ती समोरासमोरच्या दोन रांगांत असतात. तिथे ‘आले’ म्हणणे शास्त्रालाही धरून होत नाही.

प्रश्नाला जोडून ‘फूल’ या शब्दाबद्दलही लिहायला हवे. रेड जिंजरच्या, म्हणजे ‘अल्पिनिया पुरपुराटा’च्या, ज्या लाल कणसाला आपण फूल म्हणतो, तो एकावर एक बसलेल्या लाल छदांचा, म्हणजे फुलाच्या तळाशी असणाऱ्या पानासारख्या भागांचा, फुलोरा असतो. एखादा छद बोटाने हलकेच दूर केला की आत लहानसे पांढरे फूल सापडते, ते खरे फूल. जुन्या फुलोऱ्यावर तर छदांच्या बेचक्यांतच कोवळी रोपे फुटलेली दिसतात. सोनटक्क्यात याच्या उलट, फूल मोठे आणि उघडे असते, पण त्याची पुढची रुंद, टोकाशी दुभंगलेली पाकळी ही पाकळीच नसते. दोन वंध्य केसरदले, म्हणजे परागकण न देणारे पुंकेसर, एकत्र येऊन ती बनलेली असते, आणि खऱ्या पाकळ्या मागे अरुंद पट्ट्यांसारख्या झुकलेल्या असतात. बोलताना या सगळ्याला फूल म्हणावे, त्यात काहीही बिघडत नाही. वर्णनपर लेखनात मात्र ‘फुलोरा’ आणि ‘छद’ हे शब्द वापरले, तर वाचकाला नेमके काय पाहायचे ते कळते.

मग समूहाला काय म्हणावे? ‘लिंबूवर्गीय’ आणि ‘काकडीवर्गीय’ हे शब्द शेतीच्या लेखनात पूर्ण रुळलेले आहेत, त्याच धर्तीवर ‘आलेवर्गीय शोभेची झाडे’ असे मी लिहीन. ‘शोभिवंत’पेक्षा ‘शोभेची’ बरे, कारण शोभिवंत हे सौंदर्याचे वर्णन आहे आणि इथे सांगायचा आहे तो लावण्याचा हेतू. ज्यांना मराठी नाव आहे, त्यांना तेच वापरावे. ज्यांना नाही, त्यांच्यासाठी ‘अल्पिनिया’ किंवा ‘टॉर्च जिंजर’ असे देवनागरीत सरळ लिहावे. ‘मशाल आले’ घडवण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे. टॉर्च जिंजरचा फुलोरा पानांच्या खोडापासून वेगळ्या, पर्णहीन दांड्यावर थेट जमिनीतून वर येतो. ते रूप पाहून कुणी बागकाम करणाऱ्याने त्याला सहज एखादे नाव दिले आणि ते इतरांच्या तोंडी बसले, तर तेच आनंदाने स्वीकारावे.