'व्हिंटेज' म्हणजे जुनं नव्हे, काढणी

वायनरीत पाहुण्यांना माहिती द्यायला नव्यानेच लागला आहेस, म्हणून हा शब्द आधी नीट समजून घे. पाहुणे 'व्हिंटेज' म्हणजे जुनी, महागडी वाईन समजतात. तू तसं सांगू नकोस. लॅटिनमध्ये 'विनम' म्हणजे वाईन आणि 'देमेरे' म्हणजे काढून घेणं. त्यातून 'विंदेमिया', म्हणजे द्राक्षांची काढणी. फ्रेंचमध्ये त्याचं 'व्हांदांज' झालं आणि तिथून तो शब्द इंग्रजीत आला. शेवटच्या 'एज'चा वयाशी काहीच संबंध नाही!

म्हणून बाटलीवरचं वर्ष काढणीचं असतं, बाटली भरल्याचं नव्हे. आपल्या नाशकात हे जपून सांग. छाटणी सप्टेंबर २०२३ची आणि माल खुडला फेब्रुवारी २०२४मध्ये, तर व्हिंटेज २०२४. पाहुण्यांना वेलीजवळ नेऊन सांगितलंस की लगेच पटतं, माझा अनुभव आहे.

जुन्या मोटारींना हा शब्द नंतर चिकटला. ब्रिटनमध्ये १९१९ ते १९३० मधल्या गाड्या 'व्हिंटेज'. कपडे, फर्निचर त्याच्याही पुढचे. कुणी विचारलं तरच तिकडे वळ. आणि ज्या बाटलीवर वर्षच नाही, तिला 'नॉन-व्हिंटेज' म्हण; ती बहुधा वेगवेगळ्या वर्षांच्या वाईनचं मिश्रण असते, तिला हलकी ठरवू नकोस.